रुमालाखाली

मार्केट यार्डाच्या वरच्या मजल्यावर,
जिथं परवापरवापर्यंत वह्यांचे गठ्ठे होते,
तिथं आता बारा टॅब, एक प्रोजेक्टर, आणि मी.
माझं काम एवढंच:
बटण दाबायचं
आणि कोण काय म्हणालं ते विसरायचं.

हमाली-तोलाईचा करार. दर तीन वर्षांनी.
मागच्या खेपेला टेबल उलटलं,
त्याआधीच्या खेपेला चहाची किटली.
म्हणून यंदा सचिवसाहेबांनी हे आणलं:
ज्यानं त्यानं आपापल्या काचेवर लिहायचं,
भिंतीवर नाव उमटत नाही,
नुसतं वाक्य उमटतं.

नेमगोंडा शेठ चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"पोरी, हे तर रुमालाखालचंच झालं की."

मला माहीत होतं ते काय म्हणतायत.
माझे वडील गुमास्ते होते.
स्वयंपाकघरात एकदा पंचा टाकून
त्यांनी माझी बोटं धरली होती:
हे शंभर, हे वाकवलं की पन्नास,
हे दाबलं की "सोड, जा घरी."
वर तोंडं ऊसपाण्याचं बोलायची,
खाली बोटं भांडायची.

तर पहिली दहा मिनिटं कुणी मान वर केली नाही.
भिंतीवर एकेक येत गेलं:
पोत्याला दोन रुपये वाढवा.
एक.
आधी मागचा फरक द्या मग बोला.
शेठच्या एसीचं बिल किती येतं?
(इथं सगळे हसले, शेठही,
म्हणजे बहुतेक त्यांनी लिहिलं नसावं.)
पत्रा गळतो, माल भिजतो.
पत्रं गळतंय, पाठ भिजती.

यंत्रानं ही शेवटची दोन वाक्यं
एकाच हिरव्या चौकटीत नेऊन ठेवली.
त्याला माल आणि पाठ यातला फरक कळत नाही.
त्या दिवशी ते बरं झालं.
बावीस वर्षं गळणारा पत्रा
चार मिनिटांत मंजूर.

मग एक वाक्य आलं, सगळ्यात खाली, एकटं:
हळद निवडनाऱ्या बायकास्नी मुतारी पायजे.

शेवंताबाई आवळेंकडं सगळ्यांनी पाहिलं.
त्यांच्या मांडीवर टॅब होता, झाकलेला,
लाह्या झाकतात तसा.
त्यांनी नकाराची मान हलवली. खरीच.
माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात, फक्त मला दिसणारा,
बारीक आकडा होता: सात.
बारापैकी अकरा मतं पडली.
एकानं काहीच दाबलं नाही.

दर मात्र दीडवर अडला.
तीनदा मतं घेतली, तीनदा सहा-सहा.
यंत्र गोल फिरत राहिलं,
घाण्याच्या बैलासारखं, तेल नसलेल्या.
बाहेर वखारीची शटरं खाली यायला लागली.

तेव्हा शेठ उठले,
दत्तू ऐवळेच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला,
भिंतीसमोर दोघं उभे राहिले
आणि हात आत गेले.
प्रोजेक्टरचा उजेड टॉवेलावर पडला,
त्याच्या सुरकुत्यांत माझंच वाक्य वाकडंतिकडं:
कृपया आपले मत नोंदवा.
कुणी खोकलं नाही.
दत्तूच्या कपाळावरची शीर एकदा उडाली,
शेठ म्हणाले, "लेका, बोट मोडशील,"
आणि टॉवेल खाली आला.

एक रुपया पासष्ट.
मी टाइप केलं. कशा मार्गानं ठरलं,
त्या रकान्यात काय लिहावं कळेना.
"चर्चेअंती" लिहिलं.

सगळे गेल्यावर टॅब गोळा केले.
बाराही काचांवर पिवळे ठसे,
शेठच्या, हमालांच्या, तोलारांच्या,
या यार्डात हळद कुणालाच सोडत नाही.
ओलं फडकं घेतलं
आणि सातव्या नंबरची काच
सगळ्यांच्या आधी पुसली.